फुईच्या नावाची मूठ

ये गं, अशी जवळ ये. पत्र हातात पडलं म्हणून दारातच उभी राहून वाचायला लागली असशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. आत जा, भिंतीला टेकून बस. आणि आधी माझं थोडं ऐकून घे — वर्षात तीन पत्रं पाठवलीस, पण एकदा गाडी जुंपून आली नाहीस. तापीकाठचं आमचं गाव काय काशीला आहे? तुझ्या आईला मी कडेवर घेऊन वाढवलं, आणि तिची लेक मला कागदावर भेटते. असो. रागावले नाही. पण बोलायला माणूस समोर लागतं की नाही?

तू लिहिलंस, जाऊ उठता-बसता टोचते, भरल्या ताटावर बोलते, तुझ्या माहेराचा उद्धार करते. आणि मग लिहिलंस — मावशी, तुम्ही तुमच्या फुईला मायेनं जिंकलं, ते कसं केलं ते मला सविस्तर कळवा.

हे मला आजवर पुष्कळ जणींनी विचारलं. सासूच्या जाचानं रडत आलेल्या, नणंदेशी भांडून आलेल्या. गावात कुणाकडे आग्यावेताळ माणूस असलं की बायका म्हणायच्या, हिच्याकडे जा, हिनं फुईला माणसात आणलं. मी त्यांना बसवायचे, गूळपाणी द्यायचे आणि सांगायचे — समोरच्याच्या पोटात काय दुखतंय ते बघावं, उलटं बोलू नये. त्या डोळे पुसून जायच्या. काही जणींना गुणही आला म्हणे.

तुलाही तसंच दोन ओळींत लिहून टाकणार होते. लिहिलंही. मग फाडलं. कागद हल्ली मिळत नाही, तरी फाडलं. हे जे आता लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझे काका गेले, त्यांनाही नाही. माझ्या लेकीला, गोदीला, तर नाहीच. तुलाच का, ते विचारू नकोस. मला ठाऊक नाही.

फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नाव जनाई, पण सगळं गाव फुईच म्हणे. लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांची होती म्हणतात, आणि बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी ती पांढऱ्या पायाची म्हणून बैलगाडीत बसवून इकडे आणून सोडली, ती परत कुणी न्यायला आलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. ओट्यावर बसायची, गुडघे छातीशी घेऊन. येणारा-जाणारा कुणी सुटायचा नाही तिच्या तोंडून.

मी पहिल्या दिवशी भाकरी वाढली. तिनं ती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. म्हणाली, "हाई भाकर शे का ढोरनं चामडं?" सगळे हसले. मीही हसले, नव्या नवरीनं आणखी काय करावं? मग म्हणाली, "म्हसावदनी पोर. हात येवढा येवढा, नि अक्कल तिळयेवढी."

ते काहीच नव्हतं. मी नदीवरून हंडा भरून आणायचे, तर ही उंबऱ्याशी उभी. पाण्यावर कुणाची सावली पडली म्हणायची आणि हंडा तिथंच उपडा करायची. मी पुन्हा जायचे. कधी दोनदा, कधी तीनदा. सासूबाई म्हणायच्या, जाऊ दे बाई, तिचं डोकं तसंच आहे. जायचे मी. उलटा शब्द काढायचे नाही. तिथूनच बायकांत माझं नाव व्हायला लागलं — किती सोसते, किती थंड डोक्याची.

थंड होते मी. ते खरं.

माझी पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. जुलाबानं. चार दिवसांत. पुरून आले सगळे, आणि मी मधल्या घरात रिकामी बसले होते. दूध येत होतं, लुगडं ओलं होत होतं. आणि ओट्यावरून तिचा आवाज आला — मोठ्यानं नाही, रोजच्यासारखाच — "एक तोंड कमी व्हयनं. आते तरी कामले लाग म्हना तिले."

मी उठले आणि जात्यावर बसले. दळलं. शेजारची काकू रडत म्हणाली, धन्य गं बाई तुझी. तिला काय कळणार? मी ते वाक्य घडी घालून आत ठेवून दिलं होतं, लुगडं ठेवावं तसं. कुठं ठेवलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

आता कानबाईचं सांगते. तुझ्या सासरच्या घरात कानबाई बसवत नाहीत, म्हणून नीट सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं. सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते, वर्षभर तोंड न बघणारेसुद्धा. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. आणि रोटाचे गहू वेगळे असतात — आदल्या दिवशी घरातली थोरली सून टोपलीतून मूठ भरते, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेते आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकते. एक भरली मूठ आणि वर चिमटीनं पाव. आमच्याकडे पुरुषांचं टाकत, बायकांचं टाकत, पाळण्यातल्या पोराचंही टाकत. ज्याची मूठ पडली तो घरचा. ते पीठ, तो रोट, घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. उरला तर जमिनीत पुरायचा. आणि मूठ पडली त्याच्यावर वर्षभर देवीची नजर — असं आमच्या घरात मानत.

लेकीचं लग्न झालं की तिची मूठ सासरी जाते. फुईचीही गेली होती. तिकडे त्यांनी तिला घरातूनच काढली, तर मूठ कसली टाकतात? इकडे आमच्या सासूबाई नियमाच्या पक्क्या. दुसऱ्या कुळाचं नाव इथं घ्यायचं नाही. म्हणजे तिकडे नाही आणि इकडेही नाही. दर श्रावणात भाऊबंद पंगतीला बसत, रोट फिरे, आणि फुईला बाजूला साधी पोळी. आणि दर श्रावणात फुई त्या दोन दिवसांत घर डोक्यावर घेई. चुलीत पाणी ओती, पाहुण्यांचे जोडे उकिरड्यावर फेकी, एकदा पुरण उचलून गाईपुढे ठेवलं. लोक म्हणत, सणावाराला हिच्या अंगात येतं.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? की आलं होतं आणि सोयीचं नव्हतं? मला आलं होतं. मी दुसऱ्याच वर्षी ओळखलं की हिला कुठं दुखतंय. तुला हेच लिहून पाठवणार होते ना मी — समोरच्याच्या पोटात काय दुखतंय ते बघावं. बघितलं होतं मी. चांगलं निरखून.

सासरे आधीच गेले होते, मग सासूबाई गेल्या आणि मूठ टाकायचं काम माझ्याकडे आलं. तो शनिवार. टोपली आणली, सूप आणलं, आणि बघते तर फुई जात्यावर बसलेली. दळायला नव्हे गं. जात्याच्या पाळूवर, मांडी घालून, देवळात बसावं तशी. म्हणाली, "मन्ही मूठ पडस नही तवलोंग हाई जातं फिरस नही."

सगळे जमले. दीर म्हणाला उचलून बाहेर ठेवतो. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. त्याची बायको म्हणाली, "म्हातारीले दात कितला शेत ते आते कळनं." तेवढ्यात हसून घेतलं सगळ्यांनी. हे हात जोडून उभे. थोरले चुलत सासरे काठी आपटत होते. आणि फुई सगळ्यांना शिव्या देत होती, बापाला, आईला, गेलेल्या सासूबाईंना, मला, आणि तिचा तो पाळूवर टेकलेला हात — त्यानं तिनं दगड गच्च धरून ठेवला होता. मी बघितला.

मी सगळ्यांना मागं सारलं. तिच्यापाशी खाली बसले. पाठीवर हात ठेवला. तिच्या पाठीवर कुणी हात ठेवला त्याला किती वर्षं झाली असतील? तिची शिवी अर्धीच राहिली. मी म्हणाले, "उठा फुई. तुम्हनी मूठ मी टाकस."

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खरं?"

"खरं."

उठली. लुगडं झटकलं आणि ओट्यावर जाऊन बसली. घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. चुलत सासरे म्हणाले, सून थोर मनाची आहे, आणि असं आहे तर एक मूठ पडू द्या, तिच्या बापाचंच घर आहे. ऐकलंस? त्यांनीही अडवलं नाही. नियमाचं माणूस जे होतं ते गेलं होतं. मला कुणाची आडकाठी नव्हती.

मी म्हणाले, देवीचं काम आहे, मला एकटीला करू द्या. दार लोटलं. नावं घेत गेले. यांचं, दिरांचं, जावांचं, पोरांचं, माझं. मग टोपलीत हात घातला तिच्यासाठी. मूठ भरली. गहू गार होते. नाव ओठावर होतं.

आणि मी बोटं उघडली. गहू परत टोपलीत पडले.

बस, एवढंच. हेच सांगायचं होतं आणि यालाच मी एवढी पानं फिरवली. सूप उचललं, दार उघडलं. फुई उभी होती.

"टाकी का?"

"टाकी, फुई."

आता तू म्हणशील, मावशी, परक्या कुळाचं नाव घेतलं तर देवी कोपेल ही भीती असेल तुम्हाला. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं तेच सांगितलं. पण म्हसावदला माझ्या माहेरी आमची एक आत्या अशीच परत आलेली होती, आणि माझी आई तिची मूठ टाकायची. लहानपणापासून बघितलं होतं मी. काही झालं नव्हतं. तेव्हा भीती नव्हती गं. ती घडी घातलेली गोष्ट होती ना, ती मी त्या दिवशी काढून नेसले. एवढंच म्हणता येईल.

आणि रोट? ज्याची मूठ नाही त्यानं रोट खाल्ला तर मात्र दोष लागतो — ते मला चालणार नव्हतं. म्हणून मी रोजच्या पिठाचा एक वेगळा रोट केला. तसाच जाड, तसाच खरपूस, वर बोटांचे तसेच ठसे. तो फुईच्या ताटात वाढला. भाऊबंदांच्या पंगतीनंतर बायकांची पंगत बसली, त्यात ती पहिल्यांदा बसली. तिनं तो रोट कपाळाला लावला. डोळे मिटून खाल्ला. कण कण वेचून खाल्ला. आणि मी तूप वाढत होते.

त्या दिवसानंतर फुई बदलली. हे खोटं नाही, गाव साक्षीला आहे. हंडा उपडा करणं थांबलं. तोंड चालायचंच, ते काय जन्माचं, पण त्यातलं विष गेलं. मिरच्या खुडायला बसायची. गोदी माझी तेव्हा रांगत होती — तिला मांडीत घेऊन गहू निवडायची, आणि गोदीनं खडे तोंडात घातले की तिच्या गालफडात बोट घालून काढायची आणि म्हणायची, "तुन्ही मायनी भाकर खाऊन खाऊन तुले खडाच आवडतंस." भाकरीवरून टोमणा काही गेला नाही. पण आता तो घरच्या माणसाचा टोमणा होता. कळतो ना फरक?

दुसऱ्या वर्षी मी का टाकली नाही? त्या वर्षी राग नव्हता. आठवून बघते, खरंच नव्हता. ती आदल्या दिवशी गहू स्वतः पाखडून देऊन गेली होती. मी मूठ भरली आणि पुन्हा बोटं उघडली. तिसऱ्या वर्षीही. आता टाकली तर मागच्या वर्षी टाकली नव्हती हे मान्य करावं लागलं असतं — कुणापुढे? खोलीत तर मी एकटीच. तरी. मग सवय झाली. चुलीपुढे बसताना पदर खोचतो तसं. सात वर्षं. सात वेळा तिनं विचारलं, सात वेळा मी टाकी म्हणाले, आणि सात वेळा तो वेगळा रोट भाजला. हात इतका बसला होता की मला स्वतःला दोन्हींतला फरक कळला नसता, म्हणून मी त्याच्या कडेला नखानं खूण करत होते.

आणि बायका यायच्या विचारायला. आमच्या सासूला कसं सांभाळू? मी सांगत होते.

सातव्या कानबाईनंतरच्या पौषात गावात उंदीर पडायला लागले. आधी आमच्या मागच्या कोठारात, मग सगळीकडे. गाठीचा ताप. लोकांनी गाव सोडलं, शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आणि कडब्याच्या झोपड्या घातल्या. घरं उघडी टाकून. आम्हीही गेलो. पंधरा दिवस बरे गेले आणि मग गोदीला ताप भरला. दुपारपर्यंत जांघेत गाठ आली. सात वर्षांची होती.

थोरल्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. ज्याला गाठ येईल त्याला बांधापलीकडच्या झोपडीत ठेवायचं, आणि जो त्याच्यापाशी जाईल त्यानं काय तो निकाल लागेपर्यंत परत यायचं नाही. कठोर वाटेल तुला. चार वस्त्यांवर माणसं मरत होती, त्यांचं तरी काय चुकलं? हे रडत होते, दिरांनी यांना दोन्हीकडून धरलं होतं. मी निघाले. मला सातवा महिना होता. मी बांधापर्यंत गेले.

फुई आडवी आली. तिनं गोदीला माझ्या हातातून घेतली — ओढूनच घेतली. म्हणाली, "तू मांगे सरक. तुन्हा पोटमा पोर शे."

मी म्हणाले, "फुई, तुम्हले व्हई."

ती हसली. तिचे पुढचे दात तोवर पडले होते. म्हणाली, "माले काय व्हस? मी रोटनी शे. कानबाई माले वळखस."

बघ, इथं थांब जरा. मला थांबू दे.

ती माझ्यापासून हातभर लांब होती. मला फक्त बोलायचं होतं. फुई, तुमची मूठ नाही. सातही वर्षं नाही. तुम्ही खाल्लात तो रोट नव्हता. चार शब्द. मग ती काय करती? शिव्या देती, माझ्या थोबाडीत मारती, गोदीला खाली ठेवती. किंवा कदाचित तरीही जाती — हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगून बघितलं. ती तरीही जाती, ती गोदीवर जीव टाकत होती. असेल. पण मग ती जाणून जाती. ते मी तिला करू दिलं नाही.

माझं तोंड उघडं होतं. आणि मनात काय होतं, तेही सांगते, कारण आता लपवून काय करायचं — मनात असं होतं की जाऊ दे हिला. कुणीतरी जायला हवंच आहे. मी गप्प राहिले. ती बांध ओलांडून गेली.

आठ दिवस. मी बांधावर भाकरी आणि पाण्याचं मडकं ठेवायचे आणि मागं जायचे, मग ती येऊन न्यायची. तिकडून ओरडायची, "भाकर कच्ची शे. सात सालमा तुले भाकर भाजानं शिकाडता उनं नही माले." झोपडीतून तिचं बडबडणं ऐकू यायचं. गोदीला गोष्टी सांगायची, सगळ्या गोष्टींत कुणाला तरी शिव्या. पाचव्या दिवशी गाठ फुटली. सातव्या दिवशी गोदीनं पेज मागितली. आठव्या दिवशी ती झोपडीच्या तोंडाशी उन्हात बसलेली दिसली, आणि फुई तिचे केस विंचरत होती. ह्यांनी बांधावरच लोटांगण घातलं.

नवव्या दिवशी फुई भाकरी न्यायला आली नाही.

गोदीला दिरानं बांधाशी बोलावून घेतलं, अंघोळ घालून वेगळी ठेवली. आणि मी बांधावर उभी राहिले. फुई झोपडीच्या दारात आडवी होती, काखेखाली हात धरून. मधे दहा-बारा पावलं असतील. मला बघून तिनं मान उचलली. मला वाटलं आता शिवी देईल. मला हवी होती बहुतेक.

ती म्हणाली, "काबर व्हयनं व हाई माले? मी ते रोटनी."

का झालं, ते ती मला विचारत होती.

मान परत खाली टेकून ती बघत होती. माझ्याकडे नाही, वर कुठंतरी. मग म्हणाली, "मन्हंच चुकनं व्हई. एक साल मी निवद दाखाडाना आगोदर गूळ खादा व्हता. जराखा. चुलीमांगे उभी ऱ्हाईसन." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "जराखाच व्हता. पन देवीनी दखा."

सात वर्षांत केव्हातरी खाल्लेला गुळाचा खडा. तो शोधून काढला तिनं. आणि कबूल केला — मला. तिला वाटलं, मी सांगेन की एवढ्याशा गुळानं देवी रागवत नाही. तेवढं तरी सांगायला काय हरकत होती? तेही मी सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कशानं?

दोन दिवस ती तेच बोलत होती. गूळ, आणि चुलीमागं, आणि देवीनं बघितलं. आवाज हळूहळू बारीक होत गेला. दिवसा, ऐन दुपारी गेली. मी बांधावरच होते. रडू आलं नाही. आजही येत नाही. लिहिताना वाटलं होतं येईल.

तिला तिथंच झोपडीसकट जाळली, गाठीच्या माणसाला तसंच करत होते. परत गावात आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. माझं बाळंतपण झालं होतं, तो तुझा दादा. आणि लोक म्हणायला लागले — बघा, मायेनं काय होतं. ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना डंख मारले, तिनं हिच्या लेकीसाठी जीव दिला. हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला म्हणून. चुलत सासऱ्यांनी भर पंगतीत म्हटलं. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

पुढच्या श्रावणात तरी मी तिची मूठ टाकली का? नाही. गेलेल्याची टाकत नाहीत.

गोदी धानोऱ्याला आहे, तुला ठाऊक आहे. चार लेकरांची आई. तिच्या जांघेत अजून तो व्रण आहे. ती पोरांना फुईच्या गोष्टी सांगते, तिच्या शिव्यांसकट, आणि शेवटी म्हणते, माझ्या आईनं फुईला घरात घेतलं म्हणून मी जगले. मागच्या वर्षी माझ्या समोरच म्हणाली. मी पोरांच्या ताटात भात वाढत होते. वाढत राहिले.

तुझ्या जावेचं काय करायचं, ते मला विचारू नकोस. तिच्या पोटात कुठं दुखतंय ते तुला एक दिवस दिसेल, तू हुशार आहेस. दिसल्यावर पुढं काय, ते तुझं तू बघ. मी सांगावं असं माझ्याकडे काही नाही. बायका अजून येतात विचारायला. परवाच एक येऊन गेली. तिला गूळपाणी दिलं आणि आज बरं नाही म्हणून परत पाठवली.

पत्र लांबलं. शाई पातळ केली आहे, शेवटची अक्षरं पुसट लागतील. हा कागद जाळ किंवा ठेव, माझं म्हणणं नाही. गोदीला दाखवलास तरी मी अडवायला येणार नाही. तू मात्र लवकर ये. धुळ्याहून निघालीस तर दोंडाईच्यापर्यंत मोटार मिळते, पुढं गाडी पाठवते. हे वाचून येणं नको झालं तरी एकदा ये आणि तोंडावर सांग. मी घरीच असते.